तीनदा बिघडलेला कान

ठिणगीताईंचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. इतरत्र ते कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही. त्यांच्या नाकावर कायम राग असतो, असं म्हणणंही अपुरं, कारण त्या नाकंच बनवायच्या. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत, अपघातात नाहीतर आजारपणात गेलेली नाकं, कान, बोटं त्या सिलिकोनची करून द्यायच्या. आणि माणूस नवं नाक घेऊन गेला, की त्याच्या जुन्या नाकाला नावं ठेवायच्या.

या खेपेला मात्र कान सख्ख्या थोरल्या भावाचा होता. दादा घड्याळं दुरुस्त करायचे. गाठीच्या ऑपरेशनात त्यांचा डावा कान गेला. ऐकू येत होतं, पण चष्म्याची काडी टेकवणार कशावर? चष्मा घसरला की चिमट्यातला स्क्रू उडायचा. शेवटी दुकानाला कुलूप लागलं. ‘तू कान दे, मी कुलूप काढतो,’ एवढंच दादा म्हणाले आणि वाट बघत बसले. त्यांच्या त्या शांतपणाचासुद्धा ताईंना राग यायचा.

पहिला कान साच्यातून निघाला तो आतून टणक आणि वरून मध फासल्यासारखा चिकट. दुसराही तसाच.

आता हे सिलिकोन म्हणजे काय, तर लांबलचक सुटे धागे. मोकळे असतात तोवर वाहतात. त्यांच्यात जागोजाग गाठी बसल्या की जाळं होतं. मग ताणा, पिळा, तापवा, ते परत जागेवर येतं, वितळत म्हणून नाही. या गाठी जमवतं कणभर प्लॅटिनम. लग्नं जुळवणाऱ्या बाईसारखं, सगळ्यांच्या गाठी बांधून स्वतः सडंच राहतं. पण त्या बाईचा हात कुणी धरून ठेवला, तर सगळे धागे बिनलग्नाचे! आणि ताईंच्या खोलीत तिचा हात नेमकं कोण धरतंय, ते काही कळत नव्हतं.

ताईंनी आरोपी मात्र झटपट धरले. आधी पुरवठादार. “भेसळ घालता? माणसाचा कान आहे तो, खिडकीची फट नव्हे.” मग पाऊस. मग वहिनी, कारण वहिनी एकदा येऊन “होईल ना हो नीट?” म्हणाली होती.

शेजारच्या टेबलावर कवळ्या बनवणारे गृहस्थ बसायचे. त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. दोघांत हातमोज्यांची एकच निळी पेटी असायची, ती कुणी संपवली यावरून मागे जुंपली होती. “तुमच्या पेटीला मेले तरी हात लावणार नाही,” ताईंनी सुनावलं होतं, “आणि माझ्या कामात तोंड घालायचं नाही.” त्याच संध्याकाळी त्यांनी औषधांच्या दुकानातून पांढरे रबरी मोजे आणले. कवळीवाल्यांनी तेव्हापासून तोंड मिटलं ते मिटलंच.

तिसऱ्या कानाच्या वेळी ताई साच्यात सिलिकोन दाबता दाबता पुरवठादाराला फोनवर सोलत होत्या. आवेशात मोजा फाटला. त्यांनी दोन्ही ओढून भिरकावले आणि वरचा भाग उघड्या अंगठ्यानेच दाबला. सकाळी साचा उघडला. खालची पाळी चिकट. वरचा भाग मात्र खणखणीत, अंगठ्याच्या रेघा उमटलेला.

ताईंनी त्या रेघांवर अंगठा टेकवून बघितला. उघडा हात लागला तिथे घट्ट, मोजा लागला तिथे चिकट. मग केराच्या बादलीतून मोजे काढून त्यांनी कवळीवाल्यांसमोर आपटले.

“रबरात गंधक असतं,” कवळीवाले दात घासता घासता म्हणाले. दात अर्थात दुसऱ्याचे. “गंधक प्लॅटिनमला धरून ठेवतं.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या कानापासून.”

“आणि गप्प बसलात?”

“तोंड घालायचं नाही, असा हुकूम होता.”

“हुकूम माझा होता, कान दादाचा होता! तो तिकडे दुकानाला कुलूप लावून बसलाय, आणि तुम्ही इथे मजा बघताय?”

कवळीवाल्यांचा हात थांबला. त्यांनी बिनगंधकाच्या मोज्यांची ती निळी पेटी पुढे सरकवली. ताईंनी ती हिसकावली. आभार वगैरे भानगड नाही.

चौथा कान उतरला तो लाजवाब. रंग दिला, दादांना बसवलं, कान चिकटवला, चष्मा चढवला. ताई दोन पावलं मागे सरल्या आणि त्यांचं कपाळ आठलं.

“कान जरासा खाली बसलाय. काढ. आता हा काही वितळवता यायचा नाही, पुन्हा पहिल्यापासून करते. त्या मेल्या मोज्यांनी माझं डोकंच—”

“हात तर लावून बघ,” दादा म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता, पण ताईंचा हात हवेतच राहिला. असे दादा त्यांनी जन्मात पाहिले नव्हते.

“तुझा राग, या कवळीवाल्यांचा राग. तुमच्या दोघांच्या रागात मी घरात भिंतीकडे तोंड करून बसलो. आणखी एक दिवस बसणार नाही. वाकडा तर वाकडा.”

दादांनी खिशातून किल्ली काढली आणि ते निघाले. कवळीवाल्यांनी उठून दार धरलं. ताई काहीतरी बोलणार होत्या, पण रागवावं कुणावर, ते त्यांना सुचेना.