देवाला काय विचारलंत?

मी मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवते आणि गेली काही वर्षं मला एक खूळ लागलेलं आहे. डॉक्टर निदानापर्यंत पोहोचतो कसा, हे मला शिकणाऱ्या मुलांच्याच तोंडून ऐकायचं असतं. पद्धत साधी आहे. एका रुग्णाची हकीकत तुकड्यातुकड्याने कागदावर द्यायची, प्रत्येक तुकडा वाचून मनात येईल ते मुलांनी मोठ्याने बोलायचं आणि मी ते मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. मग घरी बसून ऐकायचं आणि एकेक वाक्य रकान्यात टाकायचं. माहिती मागितली, शक्यता मांडली, शक्यता खोडली, निर्णय घेतला, असे चार रकाने. कशातच न बसणाऱ्या वाक्यापुढे 'असंबद्ध' लिहायचं. रकाने मीच आखलेले, म्हणून मला त्यांचं फार कौतुक. मुलं माझ्या माघारी या प्रकाराला 'मॅडमचा कबुलीजबाब' म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

मी इथलीच, मालवणची. पण वॉर्डात पाऊल टाकलं की पुस्तकी मराठी बोलते. शिकून आले तेव्हापासूनची सवय. आणि कौल म्हटलं की माझं डोकं फिरतं, त्यालाही कारण आहे. आमच्याकडे गावच्या देवाच्या पाषाणावर गुरव दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. बारावीनंतर मला मुंबईला शिकायचं होतं. आईने कौल लावला, डावा पडला. मुंबईत मावशीकडे ठेवू का, म्हणून विचारलं, पुन्हा डावा. पुण्याला पाठवू का, म्हटल्यावर उजवा. मी पाच वर्षं पुण्यात काढली आणि देवावर रुसून राहिले. पुढे संशोधनाच्या नादाला लागल्यावर कळलं, की हवं ते उत्तर मिळेपर्यंत प्रश्न बदलत राहणं हा आम्हा डॉक्टरांचाही रोग आहे. पण ते मी आईला कधी बोलले नाही.

दोन वर्षांपूर्वी वालावलजवळच्या एका वाडीतून साठी उलटलेल्या एक बाई बेशुद्ध अवस्थेत आमच्याकडे आल्या. रक्तातली साखर अगदी तळाला गेलेली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर उठून बसल्या आणि पदर सारखा करत, आपण इथे कशा आलो, असं विचारू लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मी स्वतः त्यांची हकीकत घेतली. कुठली औषधं घेता? माझी खंयचीच गोळी नाय, म्हणाल्या. घरात कुणाला साखरेचा आजार? आता नाय, म्हणाल्या. मी दोन्हीपुढे 'नाही' लिहिलं.

रक्त तपासलं, तर साखर एवढी खाली आणि इन्शुलिन मात्र वर. शरीर विनाकारण स्वतःचंच इन्शुलिन ओतत होतं. याला एक फार दुर्मिळ कारण असतं, स्वादुपिंडातली वाटाण्याएवढी गाठ. सबंध नोकरीत मी अशी गाठ पाहिली नव्हती. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सोनोग्राफीत काही दिसलं नाही, तर मी म्हटलं, लहान गाठी दिसत नाहीतच. साखर उतरवणारी एखादी गोळी पोटात गेलीय का, हे शोधणारी एक तपासणी असते. तिच्यासाठी रक्त बाहेर पाठवावं लागतं. घरात मधुमेहीच नाही तर गोळी येणार कुठून, म्हणून मी ती पुढे ढकलली. मुंबईला मोठं स्कॅन आणि मग ऑपरेशन, असं ठरवून पत्र तयार केलं. बाई आणि सोबतीला आलेल्या त्यांच्या बहिणीने मुकाट मान डोलावली. दोघींनाही मुंबईची धास्ती वाटत होती, आणि ती मला दिसत होती.

एवढी सुरेख केस हातची कशी घालवू? त्यांची परवानगी घेऊन, नाव-गाव काढून, मी त्या केसचे तुकडे केले आणि मुलांना बसवलं. बहुतेकांनी तिसऱ्या तुकड्यावर गाठ म्हटलं. मी घरी ऐकत होते आणि खूश होत होते. मग एका मुलीचं रेकॉर्डिंग लागलं. ही मालवणजवळची ख्रिस्ती मुलगी, वर्गात फारशी बोलणारी नव्हे. तिने गाठ म्हटलं नाही. म्हणाली, "या बाईने देवाला काय विचारलं, ते मला विचारायचंय."

मी लिहिलं, 'असंबद्ध'.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला येऊन देवदेव करतेस, आणि तोही तुझा नव्हे, असंही म्हणाले. हे शेवटचं बोलायला नको होतं. ती शांतपणे म्हणाली, की आमच्या वाडीत शेजारच्या घरांत कुणी आजारी पडलं की आधी कौल होतो आणि मग दवाखाना. कौलाला आजार सांगून चालत नाही, संशय सांगावा लागतो. हे बाधलं काय, त्यामुळे झालं काय, असं नेमकं विचारावं लागतं. म्हणजे घरच्यांच्या मनात काय काय येऊन गेलंय, ते सगळं देवाला ठाऊक असतं, मॅडम, आपल्याला नसतं.

मग जा, विचार, असं मी तिरसटपणे म्हटलं आणि तिच्या मागोमाग गेले. ती खाटेच्या कडेला बसली, पेज खाल्ली का वगैरे विचारलं आणि मग हळूच म्हणाली, "काकी, हयसर येवच्या आधी तुमी देवाक काय इचारलास?"

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे बघत म्हणाल्या, "तेंची गोळी मी घेतंय, तां चलात मां, इतक्याच इचारलंय. देवान उजवो दिल्यान."

कमरेच्या बटव्यातून त्यांनी कागदात गुंडाळलेल्या गोळ्या काढल्या. मधुमेहाच्या, जुन्या आणि जोरकस. नवऱ्याच्या होत्या. अठरा वर्षं सकाळी पेजेआधी त्याच्या हातावर गोळी ठेवायची, हे बाईंचं काम. तो विसरभोळा, त्यामुळे तो गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. दोन महिन्यांपूर्वी तो गेला. घरात गोळ्यांचा डबा भरलेला, कारण मुलाने मुंबईहून एकदम पाठवलेल्या. तेराव्यानंतर सकाळ झाली की हात डब्याकडे जाई. टाकून द्यायला मन होईना, गोळी हातात घेऊन उभ्या राहत. एके दिवशी तोंडात टाकली, आणि बरं वाटलं. मग देवाला विचारलं. आमच्या वॉर्डातही रोज सकाळी सिस्टरांची पाठ फिरली की घेत होत्या. औषध घेता का, या माझ्या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर खरंच होतं, कारण गोळ्या त्यांच्या नव्हत्याच.

मी आधी भडकले. मरायचं होतं का, असं सगळ्या वॉर्डासमोर विचारलं. मग बाहेर जिन्यावर जाऊन बसले. एका धडधाकट स्वादुपिंडावर सुरी चालवायला मी निघाले होते. 'आता नाय' म्हणाल्या होत्या त्या. त्यातला 'आता' मी खाऊन टाकला होता. मुलांना दिलेल्या कागदावरही तो नव्हता, म्हणजे मी त्यांना जी केस सोडवायला दिली ती मुळातच मी आधी सोडवून ठेवलेली होती. त्या मुलीच्या वाक्यापुढे मी काय लिहावं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

बटवा काढून घेतला आणि साखर तिसऱ्या दिवसापासून सरळ झाली. मुंबईचं पत्र फाडलं. घरी सोडताना मी बाईंना पुन्हापुन्हा बजावलं. त्या होय होय म्हणत राहिल्या. त्या मुलीला मात्र पटलं नव्हतं. ती म्हणाली, "मॅडम, घरी डबा आहे. आणि देवाचा उजवा अजून कायम आहे. आपल्या सांगण्याने तो रद्द कसा होईल?" ज्या घरात त्या आता एकट्या राहणार होत्या, तिथे सकाळी कुणी बेशुद्ध पडलं तर दुपारपर्यंत कळणारही नव्हतं. बहीण तिच्या घरी परतणार होती. मी दोन रात्री नीट झोपले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणि ती मुलगी, आमची गाडी वालावलच्या रस्त्याला लागली. कुठे निघालोय, ते मी विभागात कुणाला सांगितलं नाही.

देवाला नव्याने विचारायचं म्हणून बाईंना आणि त्यांच्या बहिणीला घेऊन आम्ही देवळात गेलो. त्यांच्या गावचा गुरव माझ्यापेक्षा लहान असेल. त्याने आधी पंखा बंद केला, हे मला बरं वाटलं. कळ्या लावल्या आणि मला म्हणाला, डॉक्टरांनू, तुमीच घाला काय ता. मी सुरुवात केली. ही गोळी स्वादुपिंडावर कसं काम करते, मूत्रपिंड थकलेलं असलं तर ती अंगात कशी साठते, वगैरे. तीस वर्षं वर्गात बोललेल्या बाईला दुसरं काय येणार? त्याने मला मध्येच थांबवलं आणि म्हणाला, "देवाक भाषण नको. एकच गोष्ट इचारा."

प्रश्न नेमका हवा म्हणून मी मुलांना किती वर्षं छळलंय. आता घसा खाकरून मी म्हटलं, हिने ती गोळी बंद करावी का? गुरवाने ते गाऱ्हाण्यात घातलं, जमलेल्या चारपाच जणांनी 'व्हय महाराजा' म्हटलं, आणि आम्ही कळ्यांकडे बघत उभ्या राहिलो. काही पडलं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझा देवावर विश्वास नाही, पण डावी पडली तर काय, हा विचार डोक्यातून जात नव्हता. मला त्या क्षणी ती उजवी कळी जाऊन हाताने पाडावीशी वाटत होती. गुरव म्हणाला, देव बोलणा नाय. दुसरा कायतरी इचारा. मला दुसरं काही येत नव्हतं.

तेव्हा बाई पुढे झाल्या. पदर डोक्यावर घेतला आणि गुरवाची वाट न बघता स्वतःच पाषाणाकडे बघून म्हणाल्या, "आता तेंका गोळी लागणा नाय मां?"

उजवी कळी पडली. ओल सुकत आल्यावर कळी पडतेच, हे मला कळतं. कुणी विचारलं तर मी तेच सांगेन.

बाई खांबाला टेकून खाली बसल्या आणि मोठ्याने रडल्या. बहीण नंतर म्हणाली, तो गेला त्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढून माझ्या हातात दिला. तो त्यांनी घरातून निघतानाच बरोबर घेतला होता.

"अठरा वर्सां," त्या म्हणाल्या, "एक दिवस चुकाक नाय."

पेशंटशी मालवणीत बोलायचं मी कधीच सोडून दिलं होतं. ते आपसूक तोंडात आलं.

"तुमी तेंका बरां सांभाळलास," मी म्हटलं.