फ्यामिली रूमातलं केळवन

माझी सून शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई मारती. हितंच भवानी पेठंत, घरापसनं चालत जायाच्या वाटंवर. तिच्या शेजारच्या मशीनीवर एक पोरगी बसती. तिचं लगीन ठरलं. लगीन ठरलं की आमच्यात पोरीला केळवन करत्यात. घरी बोलवायचं, ग्वाडधोड जेवू घालायचं, कुकू लावायचं, खन-नारळानं वटी भरायची. ती पोरगी माझ्या सुनंला म्हनली, "ताई, तुझ्या हातचं केळवन पायजे मला." सून म्हनली, "खुळी हायस का? माझ्या हातचं कसं चालंल?"

माझा ल्योक गेला तवा नात रांगत व्हती. आता ती शाळंत जाती. तवापसनं सुनंला कुनी हळदी-कुकवाला बोलवलं न्हाय. तिनंबी कुनाकडं बघून तोंड वाकडं केलं न्हाय. मला तर न्हवरा गेल्यापसनं सवयच हाय. वटी भरायची येळ आली की आपुन उटायचं आनि सैपाकघरात जायाचं. कुनी उट म्हनाया लागत न्हाय. पाय आपोआप जात्यात.

ती पोरगी पन हट्टाची. म्हनली, "घरी आई न्हाय म्हनंल. आपुन हाटेलात करू. हाटेलात कोन इचारतंय, कुनाचा न्हवरा हाय आनि कुनाचा न्हाय ते?"

तितनं ह्ये सगळं सुरू झालं.

ऐतवारी दुपारी ती नवरी आमच्या घरी आली. संगट कारखान्यात धागं कापायला असती ती मुसलमानाची पोरगी. सून, नवरी आनि ती, अशा तिगी फरशीवर बसल्या, मदी मोबाईल ठिवला आनि त्यात हाटेलं बघाया लागल्या. मी भिंतीला टेकून बिड्या वळत व्हते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. कान आपले उघडे.

"पैले वार धरा," नवरी म्हनली. "सोमवार सिद्धेश्वराचा, माझा उपास असतोय. मंगळवार देवीचा. गुरवार स्वामींचा, आमच्यात त्या दिवशी मटन शिजत न्हाय."

"शनवार?" सुनंनं इचारलं.

"मारुती."

"या अल्ला," मुसलमानाची पोरगी म्हनली. "तुमच्यात खानेके दिन तरी कित्ते? सगळा हप्ता देवालाच दिलाव. और शुक्रवार नक्को, अब्बा घरमेंच रहते."

"मग ऱ्हायला बुधवार आनि ऐतवार," नवरी म्हनली.

"ऐतवारी गड्यांची लई गर्दी असती," सून म्हनली. "बुधवार धरा. कारखाना सुटल्यावर कपडे बदलून जायाचं. नऊच्या आत घरात."

वार ठरला. मग जागंवरनं चाललं. अक्कलकोट रोडला झाडाखाली टेबलं मांडल्यालं एक हाटेल व्हतं, फोटूत लई लायटिंग. पन तितं जायाला रिक्षा लागती, आनि मुसलमानाच्या पोरीचा भाव रिक्षा चालवतोय. "मेरे भाई को कळालं तो मेरे टांगां तोडता," ती म्हनली. दुसऱ्या ठिकानी गान्याचा आर्केस्ट्रा व्हता. नवरीला तितं जायाचं व्हतं. सून म्हनली, "तितं गानारनीकडं बघायला गडी येत्यात. आपल्याकडं बी बघत्याल." ते गेलं.

मग नवरी हळूच म्हनली, "माझी एक अट हाय. बियर मिळाली पायजे. एकच घोट. मला चव बघायचीय. वळसंगला सासरी गेल्यावर पानी प्यायचं तरी इचारून प्यावं लागंल."

तिगीबी हासल्या. मी बिडीला दोरा गुंडाळत व्हते.

सुनंनं मोबाईल आपल्याकडं वढला. बोटानं काय तरी केलं आनि त्या दोगींपुढं धरला. "ह्यो बघा. स्टेशनच्या अंगाचा. आता काचा लावल्यात. खाली बार, वर फ्यामिली रूम. जिना बाहीरनंच हाय. चालत जाता येतंय."

मला फोटू दिसला न्हाय. बघायची गरज न्हवती. स्टेशनच्या अंगाला जिना बाहीरनं असल्याला बार एकच हाय.

माझा हात थांबला न्हाय. बिडी वळून झाली, ती बाजूला ठिवली, दुसरं पान घेतलं.

माझा ल्योक टावेलच्या कारखान्यात व्हता. पाळी सुटली की घरी येयाच्या ऐवजी तितं जायाचा. मी त्याला आनायला जायाची. रातच्या टायमाला सून घरी एकली नगं म्हनून तिलाबी संगट घ्यायची, तिच्या कडंवर नात. पन बाराच्या दाराशी सुनंनं जायाचं न्हाय, ह्ये मी ठरवलं व्हतं. तिला कोपऱ्यावर पानटपरीपाशी हुबी करायची. मी दारापतूर जायाची. आत मी कवाच गेले न्हाय. बाहीर त्याची सायकल हाय का बघायची. सायकल असली की थांबायचं, नसली की म्होरल्या बाराकडं जायाचं. आशी मला ह्या गावातल्या समद्या बारांची दारं पाठ झाली. आतलं मला काय म्हाईत न्हाय.

एक दिवस सायकल व्हती आनि त्यो तिच्या बाजूला खाली पडल्याला व्हता. मी आनि सुनंनं मिळून रिक्षात घातला. दवाखान्यात धा-पंधरा दिवस काढलं. मग गेला. सायकल कुनी नेली ते कळालं न्हाय.

त्या दोगी गेल्यावर मी सुनंला इचारलं, "तितंच का गं?"

ती भाकरी थापत व्हती. म्हनली, "आत्ती, तुमी दारापतूर जायाचा. मला कोपऱ्यावर हुबी करायचा. मला आत बघायचंय."

"आत काय असनार?"

"तेच बघायचंय."

मी म्हनले, "बघ." तव्यावरची भाकरी तिनं उलटली.

सोमवारी नवरीचा निरोप आला. आई सोडायला तयार हाय, पन कुनी तरी मोठं मानूस संगट पायजे म्हनती. तवा आजी यायला पायजेत. आजी म्हंजे मी. मुसलमानाची पोरगी कारखान्यातनं सुनंसंगट घरी आली ती दारातनंच वरडत आली. "दादी बार में! दादी, तुमच्यासाठी एक कॉटर सांगू का?"

"सांग की," मी म्हनले. "आनि बिल तुझ्या भावाला दे म्हनावं."

ती हसून हसून उंबऱ्यावरच बसली. सूनबी हासली. लई दिसांनी हासली.

मंगळवारी दिवस मावळायला नवरीची आई माझ्याकडं आली. आमची जुनी वळख, एकाच नळावर पानी भरतोय. तिला हाटेल म्हाईत व्हतं, बार म्हाईत न्हवता. मीबी सांगितलं न्हाय. मी च्या ठिवते म्हनले तर नगं म्हनली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"तुमची सून गुनाची हाय," ती म्हनली. "माझं तिच्यावर काय न्हाय हां."

"व्हय."

"पन पोरीचं पैलंच कार्य. तुमाला तर कळतंय की."

"काय?"

"तिला जेवू दे. प्वाटभर जेवू दे. फकस्त कुकवाला आनि वटीला तिनं हात लावू नगं. ती दुसरी पोरगी हाय न्हवं, ती भरंल. मुसलमानाची का असंना, कुवार हाय. चालतंय."

मी तिच्याकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत व्हती. वाईट बाई न्हवं ती. माझ्या ल्योकाच्या दिवसाला तिनंच आमच्या घरी पिठलं-भाकरी आनून दिल्ती. तिची पोरगी दुसऱ्याच्या घरी चाललीय, तिला भ्याव वाटतंय.

"तुमी मोठ्या हायसा, तुमी संगट असनार. तुमी सांभाळा तेवढं," ती म्हनली.

"बघते," मी म्हनले.

सुनंला मी ह्यातलं काय सांगितलं न्हाय. सांगायला तोंड उघडलं व्हतं. ती नातीच्या येन्या घालत व्हती आनि बरंच काय काय बोलत व्हती, लाल खन घिऊ का हिरवा, नारळ कुटनं आनू. मग ऱ्हायलं.

बुधवारी नातीला शेजारी ठिवलं. मी धुतल्यालं लुगडं नेसले. सून हिरवी साडी नेसली. नवरीनं पंजाबी ड्रेस घातल्ता. मुसलमानाची पोरगी बुरख्यात आली. "आज कामाला आला बुरखा," म्हनली. "भाई सामनेसे गया तो बी वळखनार न्हाई." तरी रिक्षा स्टँड चुकवून आमी बोळाबोळानं गेलो. नवरी म्होरं, तिला लई घाई.

बाराच्या दारात हिरव्या कपड्यातला एक वाचमन हुबा व्हता. त्यानं आमाला जिना दावला. त्या पोरी चढल्या. मी खालीच थांबले. मला कळालंच न्हाय मी थांबलेय ते. दार दिसलं की थांबायचं, येवढंच पायाला म्हाईत. बाजूला मोटरसायकली लावल्या व्हत्या. सायकल एकबी न्हवती.

सून आर्ध्या जिन्यातनं खाली आली. "आत्ती, चला की. आज आत जायाचंय."

वर गार व्हतं. मऊ बाकडी, काचंच्या पेटीत मासं, भिंतीला आरसं. आमी चौघी एका टेबलाला बसलो. दुसऱ्या टेबलाला न्हवरा-बायकू आनि त्यांचं पोर नूडल्स खात व्हतं. वेटर म्हातारा व्हता. त्यानं मला इचारलं, "आजी, तुमाला काय आनू?"

"च्या."

"च्या न्हाय मिळत हितं."

"मग पानी दे."

नवरीनं बियर सांगितली तवा तिचा आवाज येकदम बारीक झाला. वेटरनं तोंडावर काय बी न दावता आनून ठिवली. तिनं घोट घेतला आनि तोंड आंबल्यावानी केलं. "श्शी! कडू हाय गं. ह्याच्यासाठी मानसं घरदार सोडत्यात?"

म्हनली आनि जीभ चावली. मुसलमानाच्या पोरीनं टेबलाखालनं तिला पाय मारला, तो मला लागला. सुनंनं त्यो गिलास आपल्याकडं वढला, नाकापतूर नेला, वास घेतला. परत ठिवला. मग उटली. "हात धुऊन येते," म्हनली. हात धुवायची जागा तितंच कोपऱ्यात व्हती. ती जिना उतरून खाली गेली.

मासं इकडनं तिकडं जात व्हतं. नवरी म्हनली, "आजी, मी जाऊ का मागनं?" मी म्हनले, "नगं. येती."

ती आली. बसली. पदरानं हात पुसला, पन हात कोरडाच व्हता.

"काय हाय गं खाली?" मी इचारलं.

"टेबलं हायत. टीव्ही हाय. गडी बसल्यात गप."

"आनि?"

"आनि काय न्हाय, आत्ती."

मला वाटलं व्हतं छातीत काय तरी हुईल. काय झालं न्हाय. पानी पिले, ते लई गार व्हतं, दात दुकलं. ज्या जागंपायी येवढ्या राती दारात काढल्या तितं टेबलं व्हती. घरात टेबल न्हवतं आमच्या, येवढाच काय तो फरक.

मग बिर्यानी आली, चिकनचा रस्सा आला, नवरीसाठी गुलाबजाम सांगितलं व्हतं ते आलं. नवरी बाकड्यावर आडवी वळून बसली, सुनंकडं त्वांड करून. वढनीचा पदर दोनी हातानं पसरला.

"ताई, भर."

सुनंनं पिशवीतनं खन काढला, हिरवाच घेतल्ता. नारळ काढला. पुडीत तांदूळ, हळकुंड, सुपारी, कुकवाची डबी. समदं टेबलावर मांडलं. आनि मग ते समदं हातानं सरकवून मुसलमानाच्या पोरीपुढं ठिवलं.

"तू भर गं. तू कुवार हायस."

म्हंजे तिला कुनी सांगायची गरजच न्हवती.

"मेरे कू आता नहीं," ती पोरगी म्हनली. "और इसने तेरे कू बोलाय. दादीला इचार."

तिगी माझ्याकडं बघाया लागल्या. नवरीचं हात पसरल्यालंच. मागं वेटर ताटं घिऊन हुबा व्हता, त्योबी थांबला. मी मनात काय इचार केला म्हनावं तर काय केला न्हाय. लई वर्सं मी अशा टायमाला उटून सैपाकघरात गेलेय. हितं सैपाकघर खाली कुटं तरी व्हतं, आनि माझं गुडघं दुकत व्हतं.

"भर की," मी म्हनले. "भात गार हुतोय."

"आत्ती…"

"कुकू पैलं लाव. मग वटी."

सुनंनं कुकवाची डबी उघडली. कुकू जरा तिरकं लागलं. तांदूळ घालताना मूठभर खाली बाकड्यावर सांडलं. नवरीनं खाली वाकून तिच्या पायाला हात लावला. सून "असू दे, असू दे" म्हनत व्हती. सून रडली का ते मी बघितलं न्हाय, मी सांडल्यालं तांदूळ वेचत व्हते. वेटरनं ताटं ठिवली आनि म्हनला, "लगीन हाय का? मग गुलाबजाम आमच्याकडनं."

आमी जेवलो. बिर्यानीत तिखाट लई व्हतं. बियर तशीच ऱ्हायली, तिचा फेस खाली बसला. नऊच्या आत घरात आलो.

शुक्रवारी नळाला पानी आलं. नवरीची आई माझ्या म्होरंच उभी व्हती. तिनं घागर नळाखाली लावली आनि मागं न बघता इचारलं, "झालं का केळवन नीट?"

"झालं."

"वटी कुनी भरली?"

"माझ्या सुनंनं."

तिनं मान वळवली न्हाय. घागरीकडंच बघत ऱ्हायली. मला वाटलं काय तरी बोलंल, शिवी तरी देईल. मी तयार व्हते. पानी बारीक येत व्हतं. तिची भरूस्तवर मला जाता येत न्हवतं आनि तिलाबी सोडून जाता येत न्हवतं. तशाच दोगीबी उभ्या ऱ्हायलो. घागर भरली तवा तिनं ती बाजूला वढली, आनि माझी घागर वाकून नळाखाली तिनंच सरकवली.