बसवायचं की निजवायचं

आमच्याकडे, तळेघरच्या बाजूला, भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजतात. शेण, वाळका पाला, वर माती असं पसरून ते सावकाश जाळायचं. त्याला राब म्हणतात. आई हे काम दुसऱ्या कोणावर सोपवत नसे. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हाच्या एका उन्हाळ्यात ती ओली डहाळी घेऊन विस्तव सांभाळत उभी होती. वारा फिरला, धूर अंगावर आला, खोकल्याची उबळ सुरू झाली ती थांबेना. खोकता खोकताच ती कोसळली.

मी जुन्नरला शिक्षिका होते, सुट्टीला आले होते. मी धावत पोचले तेव्हा धाकट्या काकांनी तिला बगलेत धरून ताठ बसवलं होतं आणि नाकाशी वहाण लावली होती. फीट आली की आमच्याकडे हेच करतात.

"निजू देऊ नगा, निजलं की गेलं मानूस," शेजारीण ओरडत होती.

आईची मान लोंबत होती. काकांचे हात भरून आले, त्यांनी तिला खाली ठेवलं, तेव्हा कुठे तिनं डोळे उघडले.

"भावजी, वहान तुमची का?"

"माझीच, वैनी."

"तरीच. मेलेलं बी उठंल."

घोडेगावच्या डॉक्टरांनी मला माझीच नाडी धरायला लावली. श्वास आत घेताना ती किंचित भरभर चाले, सोडताना सावकाश. फुफ्फुसांत बारीक मज्जातंतू असतात, ते म्हणाले. फुफ्फुस फुगलं, धुरानं चुरचुरलं, त्यात पाणी साठलं की ते मेंदूला कळवतात आणि मेंदू हृदयाचे ठोके, रक्तदाब कमीजास्त करतो. आईची फुफ्फुसं चुलीच्या धुरानं खराब झाली होती. मोठी उबळ आली की छातीत दाब वाढे, हृदयाकडे परतणारं रक्त अडे, त्यात हे तंतू ठोके मंद करत, आणि रक्तदाब एकदम उतरे.

"ही फीट नाही. पडल्या की आडवं करा. बसवू नका."

"म्हंजी भांडान शेजारच्या घरात आन् दिवा आमचा जातोय व्हय?" आईनं विचारलं.

"तसंच, आजी," डॉक्टर हसले.

मी हे घरोघर सांगितलं. काकांनी खरंच ऐकलं. पुढची काही वर्षं ती पडली की कोणी ना कोणी तिला निजवी, आणि ती उठून कामाला लागे. जुन्नरच्या वाचनालयातून मी शरीरशास्त्राचं एक जाड पुस्तकही आणलं. मला वाटू लागलं होतं की आता हे आपल्या हातात आहे.

मग तिचं हृदयही थकलं आणि फुफ्फुसांत पाणी साठू लागलं. आता आडवं केलं की दम कोंडे. ती हातांनी हवा चाचपडे. उठवून बसवलं की ओठ पांढरे पडत, नाडी हाताला लागेनाशी होई. डॉक्टरांना विचारलं. "दोन्हींच्या मधे कुठंतरी धरा," ते म्हणाले आणि घरी न्यायला सांगितलं.

शेवटच्या दिवशी सकाळपासून मी भिंतीला टेकून बसले होते आणि ती माझ्या छातीवर रेलली होती. थोडी खाली घेतली की घुसमटे, थोडी वर घेतली की डोळे फिरवी. त्या पुस्तकात कोणता तंतू कुठून जातो हे सगळं होतं. मी तिला बोटभर वर, बोटभर खाली सरकवत राहिले.

"नगं हलवू, बाय," ती म्हणाली. "तुलाच तरास व्हतोय."

मी हलवायचं थांबवलं. तिचा श्वास माझ्या श्वासात मिसळत होता, त्यामुळे तो कधी थांबला हे मला कळलं नाही. काका दारातून आत आले, वाकून बघत राहिले.

"निजव आता तिला," ते म्हणाले. मला हात सोडवेनात.