चार वाजताचा कोड

झेरॉक्सताईंना फोन करून कुणी कधी "कशा आहात?" असं विचारल्याचं ऐकिवात नाही. "ताई, आला का?" एवढाच प्रश्न. काय आला, ते सांगायची गरजच नसे. सहा आकडी कोड. मग ताई कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायच्या, मेसेज उघडायच्या, "लिहून घ्या" म्हणायच्या आणि आकडे सांगायच्या. की पलीकडून फोन कट! आभार वगैरे मानायची भानगड नाही. नळ सोडल्यावर पाणी आलं म्हणून नळाचे आभार कोण मानतं?

आणि हे लचांड ताईंनी आपल्याच हाताने गळ्यात घालून घेतलेलं, त्यामुळे बोंब मारायचीही सोय नाही. वीस वर्षांपूर्वी त्यांनी चौकातल्या इमारतीच्या जिन्याखाली दुकान थाटलं. एक झेरॉक्सचं मशीन, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. पुढे बघता बघता जो तो फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा निघाला. फॉर्मला ईमेल हवा आणि ईमेलला मोबाइल नंबर हवा. तेव्हा निम्म्या लोकांकडे मोबाइलच नव्हते. ज्यांच्याकडे होते, ते कुठलीशी ऑफर आली की सिमकार्ड बदलून मोकळे. ताईंनी झटपट मार्ग काढला. नंबरच्या रकान्यात स्वतःचाच नंबर टाकला. एकाला टाकला, दुसऱ्याला टाकला, मग हाताला सवयच लागली. एका लांबट वहीत नाव, खातं आणि पासवर्ड लिहून ठेवायच्या. अख्ख्या वस्तीच्या किल्ल्या ताईंच्या फोनमध्ये! सुरुवातीला त्यात मोठेपणाही वाटायचा, खोटं कशाला बोला.

ही हौस चार-पाच वर्षांत फिटली. दात काढायला दवाखान्याच्या खुर्चीत आ वासून बसल्यात, तर कोड. अंगाला साबण लावलाय, तर कोड. एकदा शेजारच्या आजोबांच्या अंत्यविधीला सगळे माना खाली घालून उभे होते आणि ताईंचा फोन थरथरायचा थांबेना. नर्सबाईंना बूट मागवायचे होते. बरं, उचलावा तर लोक डोळे वटारणार, न उचलावा तर कोड दहा मिनिटांत शिळा होणार आणि नर्सबाई आठवडाभर गाल फुगवून बसणार. आता सांगा, माणसाने करावं तरी काय?

गेल्या वर्षी ताई चार दिवस धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. चारही दिवस फोन वाजत होता. निघताना बहीण म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी एकटी ये. सगळी वस्ती बरोबर घेऊन येऊ नकोस."

आता त्याच बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. घरात दुसरं कुणी नाही. ताईंच्याही मागे-पुढे कुणी नव्हतं, आणि खरं म्हणजे त्यांना आता सगळ्याचाच वीट आला होता. प्रिंटरमध्ये शाई असून तो "शाई संपली" म्हणत अडून बसायचा, त्याचा वीट. "मी यंत्रमानव नाही" या चौकोनात दुसऱ्यांच्या वतीने खूण करून करून बोटं झिजली होती, त्याचा वीट. त्यांनी ठरवून टाकलं. दुकान बंद. नंबर बंद. रविवारी सकाळची बस, आणि उरलेलं आयुष्य बहिणीच्या दोन खोल्यांत. तिकीटही काढून ठेवलं.

पण नंबर असा उठून बंद करता येत नव्हता. ज्याच्या खात्यात ताईंचा नंबर राहील, तो माणूस कायमचा बाहेर अडकणार. कंपनीकडे दाद मागावी म्हटलं, तर एवढ्या मोठाल्या कंपन्या, पण फोनवर एक जिवंत माणूस सापडेल तर शपथ. म्हणून ताईंनी वही काढली आणि एकेकाला बोलावून घेतलं. या, स्वतःचा फोन घेऊन या, तुमच्या खात्यात तुमचा नंबर घाला आणि मला एकदाची मोकळी करा. वहीत दोनशे अकरा नावं होती.

तीन आठवडे दुकानात नुसती जत्रा. येणारा प्रत्येक जण नंबर बदलून घेता घेता आपलं गाऱ्हाणं घेऊन बसायचा. गणिताचे मास्तर म्हणाले, "आमच्या घरात ते बोलकं डबडं आणलंय ना, ते फक्त हिचं ऐकतं. मी गाणं लाव म्हटलं की मला हवामान सांगतं." बेकरीवाल्याची निराळीच रड. नकाशात त्याची बेकरी पाण्याच्या टाकीत दाखवतात. डिलिव्हरीची पोरं टाकीखाली उभी राहून हाका मारतात. पाच वेळा तक्रार केली, पाचही वेळा "तुमचा अनुभव कसा होता?" म्हणून उलट त्यालाच विचारलं. नर्सबाईंना एकदा दोन्ही डाव्या पायाचे बूट आले होते. "आणि वर तारे मागतात मेले," त्या म्हणाल्या. "मी एक तारा दिला, तर अजून विचारताहेत, आम्ही कुठे कमी पडलो? अहो, उजव्या पायात!"

ताई हसायच्या. पण एक नाव खोडलं की त्यांच्या खांद्यावरचं काहीतरी उतरायचं. शंभर झाली. दीडशे झाली. शनिवार दुपारपर्यंत दोनशे दहा खोडून झाली. एकच नाव उरलं आणि ते नेमकं घड्याळवाल्या काकांचं.

हे काका म्हणजे ताईंच्या डोक्याला सगळ्यांत मोठा ताप. पूर्वी समोरच्या रांगेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. लोक फोनमध्ये वेळ बघू लागले आणि दुकान बसलं. चार वर्षांपूर्वी पुतण्याने नवा फोन घेतला आणि जुना काकांना दिला. आता तो फोन खातं उघडल्याशिवाय सुरूच होईना. "घड्याळाला किल्ली दिली की ते चालतं," काका तेव्हा म्हणाले होते. "मालक कोण, जन्मतारीख काय, असल्या चौकश्या करत नाही." ताईंनी खातं उघडून दिलं. काकांचं स्वतःचं सिमकार्ड खिशात होतं, पण सवयीचे हात! त्यांनी आपलाच नंबर टाकला.

तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता काकांच्या खात्याचा कोड यायचा. रोज म्हणजे रोज. पासवर्ड विसरल्याबद्दलचा. बाकीचे लोक निदान फोन करून मागायचे. काकांचं तेही नाही. "कारणाशिवाय कुणाला फोन करायचा आपला स्वभाव नाही," असं ते म्हणायचे आणि कारण असतानाही करायचे नाहीत. कोड शिळा होईल म्हणून ताईच घाईघाईने फोन लावायच्या. "काका, लिहून घ्या." काका एकेक आकडा सावकाश लिहायचे. मग "वाचून दाखवतो हं" म्हणून सगळे पुन्हा वाचायचे. मग विचारायचे, "गर्दी आहे का दुकानात?" ताई म्हणायच्या, "हो काका, खूप आहे, ठेवते." गर्दी असो नसो, उत्तर हेच. आणि फोन ठेवून कंपनीला शिव्या घालायच्या. एका म्हाताऱ्या माणसाला रोज रोज काय छळता रे!

नंबर बदलायला काकांना तीनदा बोलावलं. आज पाय दुखतोय, उद्या नक्की, पुढच्या आठवड्यात बघू. शेवटी ताईंनी निर्वाणीचं सांगितलं, शनिवारी या, नाहीतर तुमचं खातं गेलं म्हणून समजा.

काका आले. चारच्या ठोक्याला, इस्त्रीचा शर्ट घालून. दुकानात आता टेबल आणि दोन खुर्च्या तेवढ्या उरल्या होत्या. मशीन सकाळीच गेलं होतं, त्याच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन पडला होता. ताईंनी काकांचा फोन घेतला आणि खातं उघडलं. पत्रांच्या पेटीवर बोट फिरवलं. वर गेल्या, खाली गेल्या, परत वर आल्या.

एकही पत्र नव्हतं. चार वर्षांत कुणाचंही नाही. नुसती कंपनीची ओळ, एकाखाली एक, शेकडो वेळा. तुमचा पासवर्ड बदलला आहे. तुमचा पासवर्ड बदलला आहे.

"काका, तुम्ही हे खातं वापरता कशाला?"

"तसं काही नाही. असतं आपलं."

"मग रोज पासवर्ड कशाला लागतो?"

"विसरतो गं. वय झालं."

विसरतो म्हणे! ज्या माणसाला घड्याळाचा बारीकातला बारीक स्क्रू कुठल्या डबीत आहे ते अंधारात सांगता येत होतं, तो! ताईंची नजर काकांच्या शर्टाच्या खिशाकडे गेली. चिठ्ठीची घडी डोकावत होती. त्यांनी न विचारता ती ओढली. ठसठशीत अक्षरात कालचा पासवर्ड, त्याखाली तारीख. त्यावर परवाचा, नीट रेघ मारून खोडलेला.

ताईंना कळायला क्षणभर लागला. आणि कळलं तेव्हा त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"चार वर्षं, काका!" त्या म्हणाल्या. "चार वर्षं रोज हातातलं काम टाकून मी धावतेय. तापाने फणफणले होते तेव्हाही उठून फोन केला. आणि तुम्ही मुद्दाम ते 'पासवर्ड विसरलात?' दाबत होतात? थट्टा वाटली का माझी?"

काका खुर्चीत अंग चोरून बसले होते. "थट्टा नाही," ते म्हणाले. "चार वाजता दुकानात चहा यायचा. मी, समोरचा शिंपी, वरचा टायपिस्ट. ते दोघंही गेले. मग चार वाजले की काय करावं कळेना. एकदा खरंच पासवर्ड विसरलो, तर तू फोन केलास. 'काका, लिहून घ्या' म्हणालीस. घरात दिवसभरात तेवढंच कुणीतरी काका म्हणायचं."

"मग सरळ फोन करायचा!"

"काय कारण सांगू?"

राग होता, तो जागच्या जागी होता, पण ओतायचा कुणावर? बस सकाळी सातची होती, बहीण वाट बघत होती, आणि ताई खरोखर दमल्या होत्या. आपण वाईट आहोत की काय, असं त्यांना वाटून गेलं. तरी त्यांनी काकांच्या खात्यात काकांचा नंबर घातला. काकांचा फोन किणकिणला. त्यांनी आपला पहिला कोड स्वतः वाचला. ताईंनी वहीतलं शेवटचं नाव खोडलं. मग चिठ्ठीवर पासवर्डखाली आपला नवा नंबर लिहिला. बहिणीशिवाय तो अजून कुणालाच दिला नव्हता.

"काही अडलं तर करा," त्या म्हणाल्या.

"बरं," काका म्हणाले आणि जिन्याला डोकं लागू नये म्हणून वाकून रस्त्यावर उतरले.

बहिणीकडे काय शांतता होती म्हणून सांगू! पहिल्या दिवशी ताई दुपारी दोन तास झोपल्या. दुसऱ्या दिवशी संबंध जेवण एका बैठकीत जेवल्या. बहीण पाय उशीवर ठेवून पडल्या पडल्या म्हणाली, "बघ, माणसात आलीस." खरंच होतं ते. फोन टेबलावर पालथा पडलेला असायचा, आणि त्यावर धूळ बसली तरी हरकत नव्हती.

फक्त चार वाजता ताईंचा हात आपोआप त्याच्याकडे जायचा. सोमवारी गेला. मंगळवारी गेला. चष्मा नाकावर यायचा, आणि बघायला काही नसायचं. बुधवारी त्यांनी फोन सरळ करून ठेवला. काकांचा फोन येईल असं त्यांना वाटत होतं. गुरुवारपर्यंत आला नाही, आणि येणारही नव्हता. काही अडल्याशिवाय ते करणार नाहीत, आणि त्यांचं अडणार काय? कोड आता त्यांचा त्यांच्याकडेच.

शुक्रवारी चारला पाच कमी असताना ताईंनी नंबर लावायला घेतला, आणि थांबल्या. बोलायचं काय? कसे आहात? जेवलात का? वीस वर्षं दिवसाला तीस-चाळीस फोन झाले, पण नुसतंच बोलायला म्हणून त्यांनी आयुष्यात कुणाला फोन केला नव्हता. त्यांचीही जीभ कारणाशिवाय वळत नव्हती. काकांना हसण्यात काय अर्थ!

मग त्यांनी फोनवर खातं उघडायचं पान काढलं आणि काकांच्या खात्याचं नाव टाकलं. नाव त्यांनीच ठेवलेलं, पाठ होतं. खाली बारीक निळ्या अक्षरांत नेहमीची ओळ होती. पासवर्ड विसरलात? भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले तसं ताईंनी त्यावर बोट ठेवलं.

दोन मिनिटं गेली. तीन. फोन वाजला.

"ताई?" काकांचा आवाज बसलेला होता, बरेच दिवस वापरात नसल्यासारखा. "अगं, माझ्याकडे कोड आलाय. मी तर काही दाबलं नाही."

"माझ्याकडून दाबलं गेलं असेल," ताई म्हणाल्या. "चुकून."

ताईंना वाटलं, फोन कट झाला.

"बरोबर चार वाजता?" काका म्हणाले.

"हो."

"मग लिहून घे."

ताईंनी बहिणीच्या गोळ्यांचं रिकामं खोकं ओढलं आणि त्याच्यावर एकेक आकडा सावकाश लिहिला. "वाचून दाखवते हं," त्या म्हणाल्या, आणि सहाच्या सहा आकडे पुन्हा वाचले.

"बरोबर आहेत," काका म्हणाले. मग जरा चाचरत त्यांनी विचारलं, "गर्दी आहे का तिकडे?"

ताईंनी खोलीभर पाहिलं. बहीण झोपली होती.

"नाही काका," त्या म्हणाल्या. "अजिबात नाही."

"मग लगेच ठेवू नकोस."