बॉनेट उघडून दाखवा

नव्वदच्या दशकात आम्ही गाडी घेतली आणि वर्षाच्या आतच तिने आम्हाला हबकवलं. मानपाड्याला आमचं घर केमिकलच्या कारखान्यांच्या पाठीलाच, त्यामुळे वासाचं कुणाला काही वाटायचं नाही. कधी सडक्या कोबीसारखा, कधी नेलपॉलिशसारखा गोडसर. खिडक्या लावायच्या आणि कामाला लागायचं. म्हणून त्या रविवारी, विठ्ठलवाडीला नणंदेकडे बारशाला निघालो असताना, मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "पेट्रोल येतंय," तेव्हा नवरा हसलाच.

"आई, आत्ताच भरून आणलंय. येणारच थोडा वास."

"गाडी बंद कर."

आवाज चढलेला नव्हता. पण सासूबाई सरकारी हॉस्पिटलात जळीत वॉर्डच्या सिस्टर होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या, आणि त्या आवाजापुढे आमच्याकडे कुणाचं चालायचं नाही. नवऱ्याने गाडी कडेला घेतली, उतरून बॉनेट उघडलं. आतलं आम्हाला दोघांनाही फारसं कळत नव्हतं, तरी दिसलं. पेट्रोल नेणारी काळी रबराची नळी जिथे क्लिपने आवळली होती, तिथे केसासारखा तडा गेलेला. त्यातून एक थेंब फुगला, ओघळला, तापलेल्या लोखंडावर पडून नाहीसा झाला. मग दुसरा. गाडी तिथेच ठेवली आणि बारशाला रिक्षाने गेलो.

ठाण्याच्या सर्व्हिस सेंटरने नळी बदलून दिली. "एखादा पीस निघतो असा," तिथला साहेब म्हणाला.

"एखादाच, हे कशावरून?" सासूबाईंनी विचारलं. तो हसून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पुढच्या रविवारी त्यांनी कडक इस्त्रीची सुती साडी नेसली आणि म्हणाल्या, "पेट्रोल पंपावर जाऊन येते." कुणीतरी त्यांचा अपमान करेल म्हणून मीही मागोमाग गेले. शीळ रोडवरच्या पंपाबाहेर, झाडाखाली त्या उभ्या राहिल्या. आमच्यासारखी गाडी पेट्रोल भरून बाहेर आली की हात करायच्या.

"आमचीही हीच गाडी आहे. तिची पेट्रोलची नळी फुटलेली. इंजिन बंद करून एकदा बॉनेट उघडून दाखवा ना."

एवढंच. मला वाटलेलं, लोक वैतागतील. काही वैतागलेच. एकाने काचेतूनच विचारलं, "तुम्ही काय मेकॅनिक आहात?"

"नाही. भाजलेल्या पेशंटच्या वॉर्डात सिस्टर होते."

तो माणूस खाली उतरला. त्याची नळी कोरडी निघाली, तरी जाताना त्याने त्यांना हात जोडले.

दुपारपर्यंत सगळ्या गाड्या कोरड्याच निघत होत्या. पंपाचा मॅनेजर दोनदा येऊन कुरकुरून गेला. मीही म्हटलं, "आई, चला आता." तेवढ्यात एक पांढरी गाडी आली. पुढे नवरा-बायको, मागे दोन मुलं आणि मुलांच्या मांडीवर केकचा खोका. गृहस्थांनी हसत हसत बॉनेट उघडलं. सासूबाईंनी कमरेला खोचलेला रुमाल काढून नळीखाली धरला. रुमाल ओला झाला.

मी वाकून पाहिलं. तीच जागा, तीच क्लिप, तसाच केसासारखा तडा. आमच्या दोन घरांची कधी ओळख नव्हती, आणि एकच मरण दोघांच्याही गाडीत बसून हिंडत होतं. अशा आणखी किती गाड्या त्या घटकेला रस्त्यावर असतील, कुणाकुणाला घेऊन!

गृहस्थ मागे धावले. मागचं दार उघडून त्यांनी मुलांना उचलूनच बाहेर काढलं. त्यांची बायको सासूबाईंचा हात धरून नुसती उभी राहिली. कुरकुरणारा मॅनेजर वाळूची बादली घेऊन धावत आला, आणि त्यानंतर आमच्यासारखी गाडी दिसली की तो स्वतःच तिला झाडाखाली पाठवू लागला.

आठवड्याभरात ते गृहस्थ, त्या झाडाखाली ज्यांच्या नळ्या फुटलेल्या निघाल्या असे आणखी दोघं आणि सासूबाई असे मिळून ठाण्याच्या त्या सर्व्हिस सेंटरला गेले. साहेब म्हणाला, "आम्हाला कंपनीकडून तसं काही कळवलेलं नाही."

"मग तुम्ही कंपनीला कळवा," म्हणून सासूबाई खुर्चीत बसल्या. तो फोन लावेपर्यंत उठल्या नाहीत.

पुढे बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एकदा घरी फोन आला: त्या खेपेत बनलेल्या सगळ्या गाड्या कंपनीने परत बोलावल्यात, नळी फुकट बदलून मिळेल. बदललेली नळीही तसलीच असेल म्हणून आमचीही पुन्हा न्यायची होती. सेंटरच्या आवारात शिरून गाडीतून उतरलो. भिंतीपासून फाटकापर्यंत एकसारख्या गाड्या, सगळ्यांची बॉनेटं वर, आणि प्रत्येकीपुढे आपापला मालक वाकून आत बघतोय.

"आई, त्या दिवशी कुणी अंगावर आलं असतं तर? भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वॉर्डात माणूस भाजल्यावरच यायचा गं," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधी कधी पोचताच आलं नाही मला."

मग शेजारच्या गाडीपुढे एक तरुण बाई कडेवर बाळ घेऊन गोंधळून उभी होती, तिच्याकडे त्या गेल्या. बाळ आपल्याकडे घेतलं आणि म्हणाल्या, "तू बघ नीट. क्लिपखालचा हा तडा दिसतोय का?"