आधी नाव सांगा!

कॅज्युअल्टीत नोकरी करणाऱ्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. आमच्या चहाच्या खोलीत कप कमी आणि किस्से जास्त! एक रंगात येतो न येतो तोच ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजतो, चहा गार होतो आणि परत येईपर्यंत दुसराच किस्सा तयार असतो. मी इथला जुना ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, त्यामुळे माझ्याकडचा साठा मोठा. त्यातले निम्मे एकट्या साळवे मॅडमचे.

मॅडम आमच्या अपघात विभागाच्या सर्जन. उंची बेताची. पेशंटपर्यंत नीट पोचायला पायाखाली स्टूल लागतं आणि त्या स्टुलावर दुसरं कोणी बसलेलं त्यांना खपत नाही. एकदा पाहणीला आलेले एक बडे डॉक्टर नेमके त्यावरच टेकले. मॅडम म्हणाल्या, "सर, उठा. ते माझे पाय आहेत!"

*

एकदा अपघाताचा पेशंट आला. हृदय थांबलेलं, पोटात रक्तस्राव. नवा डॉक्टर घामाघूम होऊन नुसती छाती दाबत होता.

मॅडम आत शिरल्या त्या ओरडतच, "अरे, टाकीत पाणी नाही आणि मोटार काय चालवतोस? संभाजीनगरचा ना तू? तुला तरी हे शिकवायला लागू नये!"

आमच्या शहरात नळाला पाणी कधी येतं ते ज्याला माहीत आहे, त्याला पुढचं सांगायला नको. आधी गळती थांबवायची, रक्त भरायचं, मग मोटार. तो पेशंट वाचला. तेव्हापासून आमच्याकडे रक्ताच्या पिशव्या हव्या असल्या की ओरडतात, "टँकर बोलवा!"

*

मॅडमचा एक नियम आहे. पेशंट टेबलावर आला की हात कामाला लागतात आणि तोंडानं पहिला प्रश्न, "नाव सांगा!" मग सगळा वेळ त्या नावानं हाका. मी एकदा विचारलं, "मॅडम, त्याला कुठं ऐकू येतंय?" तर म्हणाल्या, "तुम्हाला येतंय ना? कोणासाठी पळताय ते कळू दे!"

एका रिक्षावाल्याला त्याच्या दोस्तानं आणलं. गाडीची धडक छातीवर बसलेली, नाडी गायब. "नाव?"

"असली नाम मेरेकू नै मालूम मॅडम. सब पप्पू बोलते."

"चलेगा! पप्पू, ए पप्पू!" म्हणत मॅडमनी बरगड्यांमधून वाट केली. कोंडलेली हवा फस्सकन बाहेर आली आणि पप्पूची नाडी लागली. पुढं वॉर्डात सिस्टरनी त्याच्या आधार कार्डावरचं लांबलचक भारदस्त नाव पुकारलं, तर हा शेजारच्या खाटांकडे बघत बसला!

*

सगळे उठत नाहीत. हेही सांगायला हवं, नाहीतर बाकीचे किस्से खोटे ठरतील. हृदय थांबून आलेले अपघातवाले बहुतेक जातातच.

शेंद्र्याच्या कारखान्यांकडून कंपनीच्या गणवेशातला एक पोरगा आला होता. मोबाईलचा चुरा, खिसे रिकामे. केसपेपरवर लिहिलं, 'अनोळखी पुरुष'. मॅडम भडकल्या, "अनोळखी, ऊठ, अशी हाक मारू का मी?" त्यांनीच त्याला राजा म्हणायला सुरुवात केली. राजा, राजा करत खूप झटल्या. तो गेला.

संध्याकाळी त्याचे वडील आले. मॅडम त्यांच्याशेजारी बसल्या. "मला नाव माहीत नव्हतं, काका. मी राजा म्हणत होते."

"कुणीतरी हाक मारत व्हतं ना," वडील म्हणाले, "बास झालं." त्या दिवशी मॅडमचा चहा तसाच राहिला. माझाही.

*

आता भागाजी. दौलताबादच्या बाजूला मेंढरं रस्ता ओलांडत होती, भागाजी मागं, त्याची बायको कोंडाबाई पुढं. भर दुपारी भरधाव गाडीनं त्याला उडवलं. आमच्या दारात स्ट्रेचर आलं आणि तिथंच नाडी गेली.

मॅडम स्टुलावर चढल्या. "नाव सांगा!"

कोंडाबाईनं पदर डोक्यावर ओढला.

"अहो बाई, नाव!"

"मालक हायेत माझे."

"मालकांचं नाव काय?"

बाईनं पदर तोंडात धरला. नवऱ्याचं नाव जन्मात कधी घेतलं नव्हतं! इकडं आम्ही रक्त चढवतोय, मोडलेल्या कमरेला पट्टा आवळतोय, छातीत नळी घालतोय, आणि मॉनिटरवरची रेघ हलायला तयार नाही.

मॅडम हात न थांबवता म्हणाल्या, "बाई, घ्या नाव! सासूला काय सांगायचं ते मी सांगते!"

कोंडाबाईनं पदर सोडला. स्ट्रेचरशी आली, त्याच्या कानाशी वाकली आणि अख्खी कॅज्युअल्टी दचकेल अशी ओरडली, "भागाजी! आरं ए भागाजी! ऊठ की रं मेल्या! मेंढरं कुणाच्या जिवावर सोडून चाललास?"

रक्त गेलं होतं, रक्त भरलं, म्हणून नाडी आली. मी शास्त्र शिकलेला माणूस आहे, हेच सांगणार. पण आली ती तेव्हाच! मॅडम ओरडल्या, "चला, ऑपरेशनला!" आणि कोंडाबाईनं पदर पुन्हा तोंडात धरला.

पुढं कित्येक महिन्यांनी दोघं तपासणीला आले. भागाजी काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. त्याला चालताना बघून मला भरून आलं, लपवत नाही. मॅडमनी विचारलं, "त्या दिवशीचं काही आठवतं का?"

"नाय मॅडम. पर एक बाई मला लई आरंतुरं करत व्हती. मेल्या बी म्हणली! आजवर कुणाची छाती झाली नाय. म्हणलं, हिला जाब इचारायला तरी उठलंच पायजे." त्यानं सिस्टर लोकांवर एक नजर फिरवली. "कोण व्हती वो ती?"

कोंडाबाई भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचायला लागली. तिला वाचता येत नाही.

"होती एक," मॅडम म्हणाल्या. "तिची बदली झाली."

"आसं व्हय." भागाजी काठी टेकत उठला. "भेटली तर सांगा तिला. उठला म्हणावं भागाजी."

कोंडाबाई पोस्टरकडे तोंड करूनच म्हणाली, "चला आता. मेंढरं खोळंबली."