सेनापती आणि डिफेन्स

त्र्यंबक दाणीला नऊ वर्षं एकाच माणसाची संगत होती, आणि तो माणूस मरून जवळजवळ शंभर वर्षं झाली होती. सुदानमध्ये एकोणिसाव्या शतकात महदीने धर्माच्या नावाने बंड केलं, त्यातला हा सेनापती. आधी गुलामांचा व्यापारी. इंग्रजांनी त्याला वारंवार हरवलं, लंडनच्या पेपरांनी तर दोन-चारदा मारलंही. पण लढाई हातची जातेय असं दिसलं की स्वारी डोंगरात पसार. सिर सलामत तो पगडी पचास!

त्र्यंबक नागपूरहून अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी आला होता इंजिनिअरिंगला. दुसऱ्या वर्षी लायब्ररीत सेनापतीची गाठ पडली आणि पठ्ठ्या इतिहासात घुसला. बरोबरचे नोकऱ्या धरून हर्नडनसारख्या उपनगरात घरं घेऊन बसले. हा थिसिसच्या तोंडी परीक्षेची, म्हणजे डिफेन्सची, तारीख घ्यायचा आणि ती जवळ आली की "एक पत्र अजून बघायचंय" म्हणून पुढे ढकलायचा. तीनदा झालं. गुरूची एवढीच विद्या त्याने पुरती उचलली होती. चौथी तारीख शेवटची, हुकली तर बॅग भरा, असं विद्यापीठाने कळवलं.

आदल्या सकाळी बस स्टॉपवर उभं राहून त्याने "तब्येत बरी नाही" असा ईमेल लिहिला. पाठवणार, तोच आईचा, सुमित्राबाईंचा, फोन.

"काल कॉलनीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ. सैनिकांच्या आयांबरोबर."

"तुझा कशाला?"

"मुलगा डिफेन्समध्ये आहे ना!"

त्र्यंबकने कपाळावर हात मारला. "आई, डिफेन्स म्हणजे मिलिटरी नव्हे गं! परीक्षा असते ती."

"मला नको शिकवूस. तीस वर्षं शाळेत काढली मी. पहिल्यापासून माहीत आहे मला."

"मग?"

"लोक विचारतात रे. नऊ वर्षं पोरगा परीक्षाच देतोय असं कसं सांगू? लढतोय म्हणते. शाल घेताना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारच्या बाईंचा मुलगा खरंच सियाचीनला आहे. कधी आहे तुझं ते?"

"उद्या. दहाला."

"बरं. तोवर शालीची घडी मोडत नाही मी."

बस आली. त्र्यंबकने ईमेल पुसला आणि चढला. सेनापतीलाही शेवटी इंग्रजांनी डोंगरातच गाठलं होतं.